क्लेम पास झाला, पण गाडी नीट झाली नाही: आता काय करायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत वाहन विम्याचा विषय घेतला होता. तिथे वेळ कमी पडला, म्हणून उरलेलं इथे लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कारण यातल्या काही गोष्टी गाडीला काही झालेलं नसतानाच लिहून ठेवण्यासारख्या आहेत.

आपल्या नौपाड्याच्या बॅचमध्ये एक ताई आहेत. फराळ, उकडीचे मोदक, छोट्या समारंभाचं जेवण असा त्यांचा व्यवसाय. गोखले रोडच्या मागच्या गल्लीत स्वयंपाकघर आणि डिलिव्हरीसाठी एक छोटी मालवाहू व्हॅन. पावसाळ्यात घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ एका कंटेनरने व्हॅनची डावी बाजू घासत नेली. पुढचा कोपरा, डावं चाक आणि सरकता दरवाजा, सगळं चेपलं. नशिबाने कोणाला लागलं नाही. विमा चालू होता. विमा कंपनीच्या यादीतलं कॅशलेस वर्कशॉप मिळालं, सर्व्हेअर येऊन फोटो काढून गेला, क्लेम मंजूर झाला. इथपर्यंत सगळं छान.

तेवीस दिवसांनी फोन आला, "मॅडम, गाडी रेडी आहे." शनिवारची संध्याकाळ, बाहेर पाऊस आणि गणपती आठ दिवसांवर. ताई पोचल्या तेव्हा वर्कशॉप बंद व्हायची वेळ झाली होती. ट्यूबलाइटच्या उजेडात गाडी चकाचक दिसत होती. सर्व्हिस ॲडव्हायझरने तीन कागद पुढे केले. "इथे, इथे आणि इथे सही करा मॅडम." ताईंनी केली.

रविवारी सकाळी कळलं, की सरकत्या दरवाज्यातून पाणी आत येतंय. स्टीअरिंग सोडलं की गाडी डावीकडे ओढतेय. आणि दिवसाच्या उजेडात दरवाज्याचा रंग बाकीच्या गाडीपेक्षा पिवळट दिसतोय. सोमवारी त्या वर्कशॉपला गेल्या तर उत्तर मिळालं, "मॅडम, सर्व्हेअरने जेवढं मंजूर केलं तेवढं आम्ही केलं. आणि तुम्ही तर सॅटिस्फॅक्शनवर सही केलीय." विमा कंपनीला फोन केला तर तिकडून उत्तर आलं, "कामाच्या दर्जाचं वर्कशॉपला विचारा, आम्ही पैसे दिलेत."

मग ताईंनी मला फोन केला. "सर, आता मी नेमकं भांडू कोणाशी?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. आपल्यापैकी बहुतेक जण इथेच हरतात. भांडणात नव्हे, तर कोणाशी भांडायचं हे न कळल्यामुळे.

आधी नातं समजून घ्या

विमा कंपनीचा आणि तुमचा करार म्हणजे पॉलिसी. वर्कशॉपचा आणि तुमचा करार म्हणजे जॉब कार्ड. कॅशलेसमध्ये विमा कंपनीचा आणि वर्कशॉपचा आपसात तिसरा करार असतो. तो तुम्ही कधी बघितलेला नसतो, पण त्याच्याच जोरावर ते वर्कशॉप कंपनीच्या यादीत आलेलं असतं. गाडी सदोष परत मिळाली की दोघंही या तिसऱ्या कराराच्या आड उभे राहतात आणि एकमेकांकडे बोट दाखवतात.

पॉलिसीच्या अटी काढून वाचा. नेहमीच्या मोटर पॉलिसीत एक अट असते: कंपनी तिच्या मर्जीनुसार गाडी दुरुस्त करून देईल, भाग बदलून देईल किंवा नुकसानीची रक्कम रोख देईल. कंपनीने आपल्याच जाळ्यातल्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीचा मार्ग निवडला असेल, तर "दर्जाशी आमचा संबंध नाही" हे उत्तर तुम्ही निमूट मान्य करायचं कारण नाही. उलट तुम्ही स्वतःच्या पसंतीच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये काम करून नंतर पैसे मागितले असतील, तर कंपनीचं काम फक्त रक्कम देणं. दर्जाचा प्रश्न तुम्ही आणि तुमचं गॅरेज यांच्यातला. म्हणजे कॅशलेस आणि रिइम्बर्समेंट यांत फरक फक्त पैसे आधी की नंतर एवढाच नाही, हे लक्षात ठेवा.

म्हणून कॅशलेसच्या वेळी तक्रार कायम दोघांना एकाच मेलवर करायची. दोघंही "टू" मध्ये, कोणीही "सीसी" मध्ये नाही. मग बोटं दाखवायची असतील तर ती लेखी दाखवावी लागतात.

तक्रार तीन प्रकारची असते आणि तिन्हींचा रस्ता वेगळा

पहिला प्रकार: मंजूर झालेलं काम वर्कशॉपने वाईट केलं. रंगाचा फरक, दरवाज्याची फट, पाणी गळणं. यात सर्व्हेअरचा दोष नाही. काम पुन्हा करून द्यायला सांगायचं.

दुसरा प्रकार: नुकसान झालं होतं, पण सर्व्हेत ते आलंच नाही. गाडी उघडल्याशिवाय काही गोष्टी दिसत नाहीत. अशा वेळी वर्कशॉपने काम थांबवून सप्लिमेंटरी एस्टिमेट पाठवायचं असतं आणि सर्व्हेअरची मंजुरी आल्यावर पुढे जायचं असतं. घाईत हे टाळलं जातं. ताईंची डावीकडे ओढणारी गाडी या प्रकारातली निघाली, ते पुढे सांगतो.

तिसरा प्रकार: सर्व्हेअरने भाग बदलण्याऐवजी ठोकून सरळ करायला सांगितला. इथे थोडं समजुतीने घ्यावं लागतं. विमा म्हणजे गाडी अपघाताआधी होती त्या अवस्थेत आणून देणं, नवी करून देणं नाही. दरवाज्याचा पत्रा नीट सरळ होत असेल तर तो बदलून मिळेलच असं नाही. पण स्टीअरिंग, सस्पेन्शन, सीट बेल्ट असे सुरक्षेचे भाग ठोकून-वाकवून बसवले असतील, तर तिथे गप्प बसू नका. "हा भाग दुरुस्त करून वापरणं सुरक्षित आहे, असं लेखी द्या" एवढंच मागा. बऱ्याचदा एवढ्यावरच चर्चा संपते.

या तिन्हींच्या बाहेर एक चौथी गोष्ट आहे, जिला लोक तक्रार समजतात, पण ती तक्रार नसते: पैसे कमी मिळाले. वापराने गाडीचे भाग जुने होतात म्हणून घसारा कापला जातो. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर-ट्यूब, बॅटरी यांवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के, काचेवर शून्य. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले सहा महिने काही नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के.

उदाहरण घेऊ. अडीच वर्षांची, १५०० सीसीच्या आतली खासगी कार. बिल (जीएसटी बाजूला ठेवून) असं: धातूचे भाग २८,०००, प्लास्टिक ९,०००, काच ४,०००, मजुरी १८,०००, रंगकाम १२,०००. एकूण ७१,०००. कपात बघा. धातूवर १५ टक्के म्हणजे ४,२००. प्लास्टिकवर निम्मे, ४,५००. काचेवर काही नाही. रंगाचं एकत्र बिल असेल तर त्यातला २५ टक्के भाग रंगाच्या मालाचा धरतात, म्हणजे ३,०००, आणि त्याच्या निम्मे १,५००. वर सक्तीची वजावट १,०००. एकूण ११,२०० तुमच्या खिशातून, ५९,८०० कंपनीचे. 'झिरो डेप' घेतलेलं असेल तर घसाऱ्याची कपात वाचते, पण वजावट राहतेच. हे गणित आधी केलं असेल तर काउंटरवर चुकीच्या मुद्द्यावर आवाज चढत नाही.

मालवाहू गाडीवाल्यांसाठी एक सूचना. कमर्शियल पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बॉनेट, बंपर, रंग यांचं नुकसान मुळात वगळलेलं असतं. जास्तीचा हप्ता भरून 'आयएमटी २३' हे कलम घेतलं तरच ते आत येतं. आत्ता उठा आणि पॉलिसीवर हा आकडा आहे का बघा. नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी एजंटला विचारा.

आणि जे खासगी कारमधून डबे, केक, साड्या पोचवतात त्यांनी हे दोनदा वाचावं. खासगी कारच्या पॉलिसीत वापराची मर्यादा लिहिलेली असते. भाड्याने वापर आणि मालाची वाहतूक (नमुने आणि स्वतःचं सामान सोडून) त्यात बसत नाही. मग दुरुस्ती चांगली की वाईट हा प्रश्न पुढचा, क्लेमच अडकू शकतो. "थोडंसं तर असतं सर" हे कारण तिथे चालत नाही.

ती सही

आता मुख्य मुद्दा. गाडी ताब्यात घेताना जो कागद येतो त्यावर साधारण असं छापलेलं असतं: दुरुस्ती माझ्या समाधानाप्रमाणे झाली आहे, माझी कोणतीही तक्रार नाही. हा कागद विमा कंपनीला पाठवायचा असतो, म्हणून वर्कशॉपला घाई असते. ती घाई त्यांची आहे, तुमची नाही.

गाडी घ्यायला दिवसा जा. शनिवारी संध्याकाळी तर नाहीच. बोनेट, दरवाजे, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का बघा. रंग उन्हात बघा, ऊन नसेल तर निदान शेडच्या बाहेर. पाण्याचा पाइप लावून दरवाज्यांवर पाणी मारायला सांगा आणि स्वतः आत बसा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ही चाचणी आयती होते, पण डिसेंबरमध्ये गाडी घेतली तर गळती कळायला सहा महिने जातात. व्हील अलाइनमेंटचा छापील कागद मागा. "केलंय मॅडम" हा कागद नव्हे. वर्कशॉपचा माणूस शेजारी बसवून चक्कर मारा. वागळे इस्टेटमधून निघालात तर तीन हात नाक्याजवळच्या सर्व्हिस रोडवर गाडी सरळ चालते की नाही ते दोन मिनिटांत कळतं. बदललेल्या भागांची यादी बिलाशी ताडून घ्या. कॅशलेसमध्ये काढलेले जुने भाग बहुधा कंपनीच्या हिशेबात जातात, घरी मिळत नाहीत, पण ते बघायला आणि फोटो काढायला मागा. जुना भाग दाखवता येत नसेल तर नवा बसवलाच कशावरून?

काही बाकी दिसलं तर सही करू नका असं मी म्हणत नाही. धंद्याला गाडी लागते, मला माहीत आहे. सही करा, पण तिच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: "गाडी ताब्यात घेतली. खालील कामे बाकी / सदोष आहेत." आणि एक, दोन, तीन लिहा. मग त्या कागदाचा फोटो काढा. शेरा लिहू देत नसतील तर गाडीत बसल्या बसल्या तेच वाक्य मेलवर पाठवा. वेळ आणि तारीख आपोआप पडते.

ज्यांनी कोरी सही केलीय त्यांचं काय? सगळं संपलेलं नाही. १९९९ साली युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध अजमेर सिंग कॉटन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की डिस्चार्ज व्हाउचरवर नुसती सही आहे म्हणून ग्राहकाचा हक्क जात नाही. पण ती सही फसवणूक, दबाव, दिशाभूल अशा प्रकाराने घेतली गेली हे ग्राहकाने दाखवायला हवं. तो खटला क्लेमच्या रकमेचा होता, दुरुस्तीचा नव्हता, पण "सही केली, विषय संपला" एवढं सोपं नाही हे त्यातून दिसतं. आणि गळणारा दरवाजा संध्याकाळी उभ्या गाडीत कळत नाही, हे कुठल्याही समंजस माणसाला पटतं. फक्त तुम्ही लगेच बोललात हे दिसलं पाहिजे. तीन महिने गाडी चालवून मग आठवण झाली तर अवघड.

अजून एक. सदोष गाडी तशीच पळवू नका. अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि नुकसान वाढलं, तर वाढलेला भाग मालकाच्या जबाबदारीवर, अशी अट पॉलिसीत असते. ताईंनी रविवारीच व्हॅन उभी केली आणि आठवडाभर भाड्याचा टेम्पो लावला. जिवावर आलं, पण बरोबर केलं.

मेल कसा लिहायचा

रागाची गोष्ट लिहायची नाही. ताईंच्या पहिल्या मसुद्यात दीड पान संताप होता आणि क्लेम नंबर कुठेच नव्हता. आम्ही तो असा केला:

"विषय: क्लेम क्र. ___, वाहन क्र. ___, दुरुस्ती सदोष व अपूर्ण असल्याबाबत.

वरील वाहन दि. ___ रोजी सायं. ७ वाजता आपल्या कॅशलेस वर्कशॉपमधून मिळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढील दोष आढळले: (१) डाव्या सरकत्या दरवाज्यातून पाणी आत येते, व्हिडिओ जोडला आहे. (२) गाडी डावीकडे ओढते, अलाइनमेंटचा अहवाल जोडला आहे. (३) दरवाज्याच्या रंगात फरक आहे, फोटो जोडले आहेत. कृपया वाहनाची फेरतपासणी करावी, आवश्यक असल्यास पूरक एस्टिमेट मंजूर करावे व दुरुस्ती विनामूल्य पूर्ण करावी. सर्व्हे अहवालाची प्रतही द्यावी. वाहन व्यवसायासाठी लागते व सध्या उभे आहे."

यातला अलाइनमेंटचा अहवाल महत्त्वाचा. तो दुसऱ्या, त्रयस्थ ठिकाणाहून काढला होता. काहीशे रुपये खर्च झाले, पण "आम्हाला तर काही जाणवत नाही" या उत्तराची सोय संपली.

मेलला उत्तर नाही आलं तर

पॉलिसीवर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता असतो. तिथे लिहा. त्यांनी दोन आठवड्यांत तक्रार निकाली काढणं अपेक्षित आहे. विमा नियामक आयआरडीएआयचं 'बिमा भरोसा' पोर्टल आहे, टोल फ्री क्रमांक १५५२५५. हे पोर्टल निवाडा करत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवून तिच्यावर लक्ष ठेवतं. तरी नोंदवा, कारण नंबर मिळतो.

त्यापुढे विमा लोकपाल. कंपनीला लेखी तक्रार करून महिना झाला आणि उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर वर्षभरात इथे जाता येतं. फी नाही, वकील नाही. मर्यादा ५० लाखांची, म्हणजे आपल्या गाड्यांना पुरून उरते. आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे एकल मालकीचा व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग यांच्या नावावरच्या पॉलिसीही इथे चालतात. "गाडी फर्मच्या नावावर आहे, मग जमणार नाही" हा गैरसमज काढून टाका. ठाणेकरांना तर लांबही जायला नको. लोकपालाचं ठाणे कार्यालय वसंतराव नाईक महामार्गावर जीवन चिंतामणी इमारतीत आहे. मात्र लोकपाल वर्कशॉपविरुद्ध ऐकत नाहीत, आणि तेच प्रकरण ग्राहक आयोगात किंवा कोर्टात चालू असेल तर घेत नाहीत.

वर्कशॉपलाही ओढायचं असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर प्रयत्न करा, कधी कधी तेवढ्यावर काम होतं. आयोगात दोन वर्षांच्या आत जायचं. तुम्ही दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. समोरून "ही कमर्शियल गाडी, तुम्ही ग्राहकच नाही" असा मुद्दा हमखास येतो. विम्यापुरतं उत्तर २०२३ च्या हरसोलिया मोटर्सच्या निकालात आहे: व्यावसायिकाने घेतलेला विमा हा नुकसान भरून काढण्यासाठी असतो, नफा कमावण्यासाठी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय. वर्कशॉपच्या बाबतीत कायद्यातला स्वयंरोजगाराचा अपवाद वापरायचा: स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः चालवलेला धंदा. त्यामुळे तक्रारीत ते स्पष्ट लिहा.

एक गोष्ट मात्र विमा देत नाही. गाडी उभी राहिल्याने बुडालेला धंदा. अपघातानंतरचं परिणामी नुकसान पॉलिसीत वगळलेलं असतं. लोकपालही गाडीच्या नुकसानीपुरतंच बघतात. आयोग त्रासाची भरपाई देऊ शकतो, पण त्यावर ऑर्डरींचं नियोजन करता येत नाही. म्हणून मी बॅचमध्ये सगळ्यांना एक आकडा काढायला लावतो: गाडी एक दिवस बंद राहिली तर मला किती रुपये पडतात? टेम्पोचं भाडं अधिक बुडालेल्या ऑर्डरींवरचं निव्वळ मार्जिन. ताईंचा आकडा २,३०० निघाला. मग रंगाच्या छटेसाठी दहा दिवस गाडी अडकवायची की नाही हा प्रश्न भावनेचा राहत नाही, हिशेबाचा होतो.

ताईंचं शेवटी काय झालं? मेलनंतर सहाव्या दिवशी फेरतपासणी झाली. गाडी वर घेतली तेव्हा डाव्या चाकाचा लोअर आर्म किंचित वाकलेला सापडला, पहिल्या वेळी तो कोणी उघडून बघितलाच नव्हता. "हे नंतर झालं असेल" असं एकदा म्हणून बघितलं गेलं. पण अपघाताच्या जागी ताईंच्या मुलाने मोबाइलवर काढलेल्या फोटोत डावं चाक आत वळलेलं स्पष्ट दिसत होतं. पूरक एस्टिमेट मंजूर झालं, आर्म नवा पडला, दरवाज्याची रेल आणि रबर वर्कशॉपने स्वतःच्या खर्चाने बदललं. रंगाचा मुद्दा ताईंनी स्वतःच सोडला. गणपतीचे मोदक टेम्पोने गेले आणि त्या आठवड्याचं भाडं कोणी भरून दिलं नाही.

दुसऱ्यांदा गाडी घ्यायला त्या मंगळवारी सकाळी अकराला गेल्या. वर्कशॉपच्या पोराला पाइप घेऊन दरवाज्यावर पाणी मारायला सांगितलं आणि स्वतः मोबाइलचा टॉर्च लावून दहा मिनिटं व्हॅनच्या आत बसून राहिल्या. कागद बाहेर काउंटरवर थांबला होता.